अहवाल काट्यापासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईतल्या घणसोलीत पाच जणांची एक टीम आहे. तुर्भे आणि दिघा भागातल्या कचरावेचक बायका प्लास्टिक गोळा करतात, ते गोदामात मोजलं जातं, प्रत्येक वजनाची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या आणि मागाहून न बदलता येणाऱ्या नोंदवहीत जाते (ती प्रूफ-ऑफ-स्टेक पद्धतीची, म्हणजे ठेव ठेवणारे लोक नोंदी पडताळतात अशी), किलोमागे एक टोकन, म्हणजे डिजिटल पावती तयार होते आणि सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या पैशातून कंपन्या ती विकत घेतात. आता एका मोठ्या कंपनीने दीड महिन्यात पर्यावरणीय आणि सामाजिक परिणामांचा अहवाल मागितला आहे. टीमने कार्बन मोजणारं एक तयार सॉफ्टवेअर पाहून ठेवलं आहे. ते घ्यावं का, आणि अहवालात नेमकं काय काय हवं, असं विचारलं आहे.

सॉफ्टवेअर आत्ता घेऊ नका. त्या पैशात गोदामासाठी दुसरा काटा घ्या आणि एक माणूस महिनाभर त्या काट्यापाशी बसवा. बावीस वर्षं मी हे काम करतोय. सुरुवात टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सांडपाण्याच्या ऑडिटने झाली, पुढे कंपन्यांचे शाश्वतता अहवाल तपासू लागलो आणि गेली काही वर्षं तुमच्यासारखे ब्लॉकचेनवरचे प्रकल्प येतात. जवळजवळ प्रत्येक अहवालात चेनबद्दल दहा पानं आणि चेनवर जे चढवलं त्याबद्दल एक परिच्छेद असतो. हे प्रमाण उलटं हवं.

आधी चेनच्या विजेचं काय ते सांगून टाकतो, कारण तुमच्या प्रश्नातली निम्मी काळजी त्याबद्दलची आहे. ही काळजी आली बिटकॉइनमुळे, आणि तिथे ती अगदी योग्य आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या 2025 च्या अहवालात बिटकॉइनचा वर्षाचा वीजवापर 138 टेरावॉट-तास धरला आहे, म्हणजे 13,800 कोटी युनिट, जगाच्या एकूण विजेच्या सुमारे अर्धा टक्का. तुमची चेन त्या जातीची नाही. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चेनने 15 सप्टेंबर 2022 रोजी मायनिंग (नोंद पक्की करण्यासाठी संगणकांची वीजखाऊ शर्यत, जी बिटकॉइनमध्ये चालते) सोडून प्रूफ-ऑफ-स्टेक स्वीकारलं तेव्हा त्याचा वीजवापर 99.9 टक्क्यांहून जास्त घटला. आज सगळ्या जगातलं इथेरियमचं जाळं मिळून वर्षाला साधारण 26 लाख युनिट वापरतं, असा अंदाज आहे.

आता तुमचा हिशोब करू. दिवसाला शंभर नोंदी आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर 30,000 व्यवहार होतात. तुम्ही मुख्य इथेरियमवरच लिहिता असं धरलं आणि तिथे दिवसाला दहा लाख व्यवहार होतात असं मानलं, तर एका व्यवहाराच्या वाट्याला 0.007 युनिट येतं. तुमचे वर्षाचे झाले सव्वादोनशेच्या आत युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरण आपल्या ग्रिडचा उत्सर्जन गुणांक दरवर्षी जाहीर करतं, तो गेली काही वर्षं युनिटमागे 0.7 किलोच्या थोडा वर आहे. जाळ्यातले संगणक जगभर पसरलेले आहेत, तरी आपल्या ग्रिडचाच गुणांक लावला, तर वर्षाचा कार्बन दीडशे किलो.

त्याच्याशेजारी तुमचा टेम्पो ठेवा. दिवसाला पाच लिटर डिझेल म्हणजे वर्षाला दीड हजार लिटर. लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर चार टन. गोदामातलं गठ्ठे बांधायचं प्रेस मशीन घ्या: सात एचपीची मोटर सहा तास चालली की दिवसाला तीस युनिट, वर्षाला नऊ हजार, म्हणजे सहा टनांच्या वर. चेनचं वर्षभराचं ओझं हे टेम्पोच्या अकरा दिवसांच्या डिझेलइतकं आहे. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या डिझेलच्या पावत्या आणि महावितरणची बिलं काढून खरे आकडे बसवा. मोठं काय आणि छोटं काय, हे त्याने बदलणार नाही. चेनला अर्धं पान द्या आणि एक वाक्य न विसरता लिहा, की व्यवहारागणिक वीज वाटून देणं हा निव्वळ हिशोबाचा संकेत आहे. प्रूफ-ऑफ-स्टेकमध्ये तुम्ही एक नोंद कमी केलीत म्हणून जाळ्यातला एकही संगणक बंद होत नाही.

विजेबाबत आणखी एक. महावितरणची हरित वीज तुम्ही घेता असं प्रश्नात म्हटलं आहे. ही सोय 2021 साली राज्य वीज नियामक आयोगाने मान्य केली, तेव्हा युनिटमागे 66 पैसे जादा होते. चांगलं आहे, घेत राहा, पण अहवालात ‘आमची वीज शून्य कार्बन’ एवढंच लिहून थांबू नका. जीएचजी प्रोटोकॉल, म्हणजे हरितगृह वायूंचा हिशोब मांडण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत, तिच्या 2015 च्या मार्गदर्शनानुसार विकत घेतलेल्या विजेचे दोन आकडे द्यावे लागतात: एक ग्रिडच्या सरासरीने येणारा आणि दुसरा तुमच्या करारानुसार येणारा. पहिला सहा टन, दुसरा शून्य, असे दोन्ही शेजारी छापा. तपासणारा माणूस पहिलं हेच शोधतो. क्लाउड सर्व्हर भाड्याचा असेल तर पुरवठादाराकडून पीयूई (डेटा सेंटरची एकूण वीज भागिले नुसत्या सर्व्हरची वीज) मागून घ्या. तो 1.6 असला तर सर्व्हरला लागणाऱ्या प्रत्येक युनिटमागे वर 0.6 युनिट एसी वगैरेवर जातं. पाण्याचाही आकडा मागा. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं किती उभी राहिली आहेत ते तुम्ही रोज ट्रेनमधून बघता. त्यांची वीज आणि पाणी इथलंच आहे, ‘क्लाउड’ म्हटल्याने ते हवेतून येत नाही.

आता काट्याकडे येतो.

तुमच्यासारख्याच एका प्रकल्पाची तपासणी मी जुलैमध्ये केली होती. गोदाम तुर्भ्याकडचं, बाहेर धो धो पाऊस. एका बाईने गोणी आणून काट्यावर ठेवली. काट्यावर आकडा आला 42. टॅबलेट घेऊन बसलेल्या मुलाने 42 टाइप केलं, बटण दाबलं, नोंद चेनवर गेली. शेजारी गोदामवाल्याची लाल कापडी बांधणीची वही होती, त्याने तीत 36 लिहिलं आणि बाईला 36 किलोचे पैसे दिले. मी विचारलं, तर म्हणाला, ‘‘ओला माल आहे साहेब, पावसाळ्यात सहा किलो कापतोच.’’ ती गोणी मी बाजूला ठेवायला सांगितली. दोन दिवस पंख्याखाली पसरून सुकवली, त्यातली माती झटकली आणि पुन्हा मोजली. भरली 33.

एका गोणीची तीन वजनं झाली. कंपनीने पैसे मोजले 42 किलोचे, बाईला मिळाले 36 चे, आणि पुनर्वापराला गेलं 33 किलो प्लास्टिक. चेनने तिचं काम चोख केलं होतं. जे सांगितलं ते लिहिलं, कोणी बदलू शकणार नाही असं लिहिलं. त्या प्रकल्पाच्या अहवालात पहिल्याच पानावर ‘छेडछाड अशक्य’ असे शब्द होते. छेडछाड कोणी केलीच नव्हती. सगळे आपापल्या रीतीने वागले आणि तरीही पावसाळ्याचा आकडा सव्वापटीने फुगलेला निघाला.

म्हणून तुमच्या अहवालाचं पहिलं प्रकरण काट्याचं असू द्या. काट्यावर वैधमापन विभागाची यंदाची पडताळणी झालेली आहे का, त्याचं प्रमाणपत्र. वजन कोण घेतं, कोण टाइप करतं, ती दोन माणसं वेगळी आहेत का. ओल्या मालाची कपात किती, कोणत्या महिन्यांत, आणि कापलेल्या किलोंचं पुढे काय होतं. शेवटी, मर्जीने नव्हे तर चिठ्ठी टाकून निवडलेल्या शंभर गोण्या सुकवून पुन्हा मोजा आणि चेनवरच्या आकड्याशी किती फरक पडला तो छापा. फरक दहा टक्के निघाला तरी छापा. फरक मोजलेला अहवाल माझ्या हातात आला की उरलेल्या आकड्यांवर माझा विश्वास बसतो.

चुकलेली नोंद चेनवरून पुसता येत नाही याची तुम्हाला धास्ती वाटते, असं प्रश्नावरून दिसतं. धास्तीचं कारण नाही. आपले जुने मुनीम खतावणीत खाडाखोड करत नसत, उलट नोंद टाकत. तेच करा. 42 ची नोंद तशीच राहू दे, खाली वजा 9 ची नोंद कारणासह टाका आणि तेवढी टोकनं रद्द करा. वर्षात अशा किती उलट नोंदी झाल्या हा आकडा अहवालात द्या. तो शून्य असेल तर मला शंका येईल.

पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तुम्ही तो विचारलेला नाही. तुम्ही नसता तर हे प्लास्टिक कुठे गेलं असतं?

पेटची, म्हणजे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली घ्या. तिला भाव आहे. तुम्ही आला नसता तरी ती बाटली त्याच बाईने उचलली असती आणि भंगारवाल्याला विकली असती, वर्षानुवर्षं हेच चाललं आहे. तुमच्या चेनने त्या बाटलीची नोंद केली, तिला वाचवलं नाही. याउलट वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, शाम्पूच्या पुड्या. यांना भंगारात कोणी विचारत नाही, म्हणून त्या गटारात, नाल्यात आणि शेवटी खाडीत जातात. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलाजवळ तिवरांच्या मुळांत काय अडकलेलं आहे ते एकदा जाऊन बघा. बाटल्या थोड्या, पाकिटं आणि पिशव्या ढिगाने. ठाणे खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तुमच्या प्रकल्पाने खाडीसाठी काही केलं असेल तर ते या बिनभावाच्या पाकिटांतून केलं असेल. म्हणून किलोंची एकच बेरीज देऊ नका. भाव असलेला माल वेगळा, भाव नसलेला वेगळा. भाव असलेल्या मालात तुमच्यामुळे वाढ झाली का हे दाखवायचं तर तुम्ही येण्याआधीचे आकडे हवेत. भंगारवाल्यांच्या जुन्या वह्या त्यासाठी सोन्यासारख्या आहेत. चहा पाजून, ओळख वाढवून त्या बघायला मागा. नाहीच मिळाल्या तर तुमचं काम अजून पोचलेलं नाही अशा जवळच्या वस्तीत चार आठवडे मोजमाप घ्या आणि त्याच्याशी तुलना करा.

माल शेवटी कुठे गेला हेही लिहा. पाकिटं बहुतेकदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. खाडीत जाण्यापेक्षा ते बरं, पण त्याला पुनर्वापर म्हणू नका. जाळलं तर जाळलं असं लिहा.

‘इतका टन कार्बन वाचवला’ हा आकडा द्यायचा मोह होईल, कंपनीलाही तो हवा असेल. द्यायचाच तर वेगळ्या पानावर, सगळ्या गृहीतकांसकट द्या, आणि आपल्या टेम्पो-मशीनच्या उत्सर्जनातून तो वजा करून ‘आम्ही कार्बन ऋण’ असं मांडू नका. तुमचं उत्सर्जन मोजलेलं आहे, वाचवलेलं गृहीत धरलेलं आहे. या दोहोंची वजाबाकी होत नाही.

मग येते एकाच किलोची दोनदा विक्री. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत फेब्रुवारी 2022 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी आहे, म्हणजे आपलं प्लास्टिक कचरा झाल्यावर त्याची विल्हेवाट लावण्याची, आणि पुनर्वापर करणारा कारखाना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर प्रमाणपत्रं तयार करून ती उत्पादकांना विकतो. तुमचा माल ज्या कारखान्यात जातो तो त्याच किलोंवर प्रमाणपत्र काढतोय का? काढत असेल तर तोच किलो एकदा टोकन म्हणून आणि एकदा प्रमाणपत्र म्हणून, असा दोन कंपन्यांच्या खात्यात जातोय. याबाबत कारखान्याकडून लेखी घ्या. 2023 मध्ये मंडळाच्याच तपासणीत मोजक्या पुनर्वापर कंपन्यांनी काढलेली सहा लाखांच्या आसपास खोटी प्रमाणपत्रं सापडली होती, तेव्हापासून खरेदीदार कंपन्या याबाबत फार सावध आहेत.

ब्लॉकचेनच्या जगाने हा धडा आधीच घेतलेला आहे. ऑक्टोबर 2021 पासून टूकान नावाच्या प्लॅटफॉर्मवर, व्हेरा या प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीतली कार्बन क्रेडिट्स (एक टन कार्बन वाचवल्याची प्रमाणपत्रं) रिटायर करून त्यांची टोकनं काढली जाऊ लागली. वर्षानुवर्षं पडून राहिलेली, कोणी घेत नसलेली जुनी क्रेडिट्स मोठ्या संख्येने त्यात शिरली. रिटायर म्हणजे त्या क्रेडिटचा फायदा कोणीतरी घेतला, विषय संपला. टोकन मात्र बाजारात हातोहात फिरत राहिलं. मे 2022 मध्ये व्हेराने रिटायर झालेल्या क्रेडिटवर टोकन काढायला मनाई केली. तुमच्या टोकनमागे असलेला किलो एकदा कंपनीने आपल्या अहवालात दाखवला की टोकन कायमचं बंद झालं पाहिजे, आणि तसं झालंय हे बाहेरच्या माणसाला चेनवर दिसलं पाहिजे. इथे मात्र चेनचा खरा उपयोग आहे. त्यावर भरपूर लिहा.

सामाजिक भाग. तुमच्या मसुद्यात ‘महिला सक्षमीकरण’ या मथळ्याखाली ‘कचरावेचक महिलांना डिजिटल वॉलेट’ असं एक वाक्य आहे. दुसऱ्या एका प्रकल्पात मी वॉलेटची यादी मागवली होती. नावं 43, मोबाइल नंबर 19. एकाच नंबरवर सात बायका. मी तो नंबर फिरवला तर मुकादमाने उचलला. संध्याकाळी वस्तीत जाऊन त्यातल्या एकीला विचारलं. म्हणाली, ‘‘साहेब, मोबाइल त्याच्याजवळच असतोय. शनिवारी देतो ते पैसे आमचे. त्यात किती आले आन् किती कापले, आम्हाला काय म्हाईत?’’ तिने मुलीच्या लग्नासाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. उचल फिटेपर्यंत माल दुसऱ्याला विकायचा नाही, हा तिथला अलिखित करार. चेनवर ती एक स्वतंत्र वॉलेटधारक होती.

म्हणून सामाजिक परिणामात वॉलेटची संख्या लिहिण्याआधी हे शोधा: किती वॉलेटना स्वतःचा नंबर आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं जोडलेलं आहे, किती जणींवर उचल आहे, दिवसाची कमाई आधी किती होती आणि आता किती, आणि त्यासाठी तास किती वाढले. हातमोजे आणि बूट वाटले असतील तर तीन महिन्यांनी किती जणी वापरत होत्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलं गोण्या आणतात का, आणि ती कोणाच्या नावावर चढतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला आणि त्यांची नोंदणी करायला सांगितलं होतं. तुमच्यामुळे किती जणींना पालिकेचं ओळखपत्र मिळालं हा आकडा, माझ्या मते, टोकनांच्या संख्येहून मोलाचा आहे. ही विचारपूस गोदामात करू नका. गोदामवाल्यासमोर कोणी खरं बोलत नाही. वस्तीत जा, बाईमाणूस पाठवा, आणि तिच्या कामाच्या वेळा सांभाळून जा.

याच्याशी जोडलेली एक तांत्रिक चूक तुमच्या आराखड्यात आहे, ती लगेच दुरुस्त करा. तुम्ही बायकांचे मोबाइल नंबर हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने वेगळ्याच अक्षर-आकड्यांत बदलून चेनवर टाकता आणि त्याला गोपनीयता म्हणता. दहा आकडी नंबर असतात तरी किती? सगळे नंबर एकामागोमाग हॅश करून जुळवायला साध्या लॅपटॉपलाही फार वेळ लागत नाही. म्हणजे कोणती बाई कोणत्या दिवशी किती कमावते हे कोणालाही काढता येईल, आणि ते कधीच पुसता येणार नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क देतो. चेनवर फक्त अर्थहीन आकडा ठेवा, तो कोणाचा हे सांगणारी यादी तुमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, जिथून पुसता येईल अशी. जुन्या नोंदींचं काय झालं हे अहवालात लपवू नका.

चौकटींबद्दल फार गोंधळू नका. तुमचा ग्राहक शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांत असेल तर त्याला शेअर बाजार नियामक सेबीचा बीआरएसआर, म्हणजे व्यावसायिक जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, 2022-23 पासून तो सक्तीचा आहे. त्यातल्या तत्त्व 6 मध्ये पर्यावरण येतं आणि तत्त्व 8 मध्ये सर्वसमावेशक विकास. तुमचे आकडे त्यांच्या तक्त्यात बसतील असे द्या, एवढं पुरे. शिवाय ज्या कंपन्यांचं सीएसआर दायित्व मागच्या तीन वर्षांत सरासरी दहा कोटी किंवा जास्त आहे, त्यांना एक कोटी किंवा जास्त खर्चाच्या प्रकल्पांचं स्वतंत्र परिणाम-मूल्यमापन करून घ्यावं लागतं, हा 2021 चा नियम आहे. म्हणजे आज ना उद्या बाहेरचा कोणी तुमच्या गोदामात येणारच. युरोपात टोकन विकायचं मनात असेल तर तिथल्या मिका या क्रिप्टो-मालमत्तांच्या कायद्याखाली चेनच्या वीजवापराची माहिती जाहीर करावी लागते, आणि वर्षाला पाच लाख युनिटांच्या वर गेलं की आणखी तपशील. इथल्या सीएसआरवर चालत असाल तर तो विषय बाजूला ठेवा.

दीड महिना कमी आहे, पण पुरेल. पहिले दोन आठवडे गोदामात काटा, वही आणि टॅबलेट यांची ताडणी करा. तिसऱ्या आठवड्यात पावत्या, बिलं आणि कारखान्याचं लेखी उत्तर. चौथ्या-पाचव्यात वस्तीतल्या मुलाखती, किमान तीस, आणि त्याच काळात भंगारवाल्यांच्या वह्या. सहाव्या आठवड्यात लिहा, वीस पानांच्या आत. त्यातलं एक पान मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत, फक्त या बायकांसाठी काढा: महिन्याला किती किलो आले, किती कापले, का कापले, भाव काय मिळाला, आणि कंपनीने किलोमागे किती दिले. अहवाल कंपनीला पाठवायच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी, ते पान वस्तीत वाचून दाखवा. त्या जे आकडे चुकीचे म्हणतील ते पुन्हा तपासा, त्यासाठी दोन दिवस राखून ठेवा.